नागपूरहून मोटारीने सातपुडा : तामिया, पचमढी, मढई आणि मेळघाट

रानवाटसरू :

आपण नागपूरकर जंगलात जातो ते बहुधा वाघासाठी जातो. शुक्रवारी कार्यालय सुटले की गाडी काढायची, रात्री गेटजवळच्या रिसॉर्टवर मुक्काम करायचा, पहाटे एक सफारी, दुपारी दुसरी, आणि रविवारी संध्याकाळी ऑटोमोटिव्ह चौकातल्या गर्दीत परत यायचे, हा आपला वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही काही जुन्या मित्रांनी तो बाजूला ठेवून मोटारीने सातपुड्याला वळसा घातला. जाताना छिंदवाडा, तामिया आणि पचमढी, तेथून खाली देनवा नदीकाठी मढई, मग इटारसीवरून बैतूल, आणि भैंसदेहीच्या बाजूने परतवाड्याला उतरून चिखलदरा व सेमाडोह, असा हा मार्ग आहे. या फेरीत सातपुडा आणि गुगामल ही दोन राष्ट्रीय उद्याने लागतात आणि दोन्ही ऐन डोंगरांत आहेत. अनेकांनी मार्ग विचारला, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या फेरीत सफाऱ्या कमी ठेवाव्यात आणि दिवसाचा उजेड रस्त्याला द्यावा. दोन मुक्कामांमधले अंतर कसेबसे उरकून गेट गाठायचे, असा बेत आखला तर सातपुड्यातले जे पाहण्यासारखे आहे ते गाडीच्या काचेमागे निघून जाते.

कोराडी, सावनेर, केळवद ओलांडून मध्य प्रदेशात शिरल्यावरही सौंसरपर्यंत आपण विदर्भातच आहोत असे वाटते, कारण संत्र्याच्या बागा त्याच आहेत आणि दुकानांतली मराठीही तीच आहे. खरा बदल रामाकोन्यानंतर सिलेवानीच्या घाटात जाणवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर छिंदवाडा पावणेसातशे मीटरच्या आसपास आहे, आणि या चढणीचा मोठा वाटा तुम्ही या एका घाटात चढता. फेब्रुवारीअखेर घाटाच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला असतो. येथे गाड्या थांबवून वानरांना बिस्किटे टाकणारी मंडळी हटकून भेटतात. त्यामुळे वानरे रस्त्यावर येऊन बसतात आणि वळणावरून येणाऱ्या ट्रकखाली सापडतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आम्ही सांगितले, तर आम्हालाच चार शब्द ऐकावे लागले.

छिंदवाड्यापुढे परासियाचा कोळशाचा पट्टा लागतो, आणि तो मागे पडला की रस्ता तामियाकडे चढू लागतो. तामियाच्या विश्रामगृहाजवळच्या कड्यावरून उत्तरेकडे एकामागे एक डोंगररांगा दिसतात, आणि तेथे आम्ही ठरवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक वेळ काढला. जवळच पातालकोट आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची ही खोल दरी असून तिच्या तळाशी भारिया आदिवासींची गावे आहेत. माथ्यावरच्या दर्शनस्थळावरून ती घरे आणि मक्याचे वाफे काडेपेटीएवढे दिसतात. खाली उतरायचे असेल तर स्थानिक वाटाड्या घेऊन, पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच उतरावे. येता जाता उरकण्याची ही जागा नाही. माथ्यावर चारोळी आणि मध विकणारे बसतात, त्यांच्याकडून अवश्य घ्यावे.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या याच छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावतात, आणि आपल्या शहराचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने त्यांच्यावरच अवलंबून आहे. म्हणजे या रस्त्याने जाताना आपण आपल्या घरच्या नळाच्या उगमाकडे चाललेलो असतो. तामियापलीकडचे पाणी मात्र आपले नाही, ते देनवा आणि दुधी यांच्या वाटेने नर्मदेला मिळते.

पचमढीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिची माहिती सर्वांनाच आहे. इंग्रजी अमदानीत नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि उन्हाळ्यात सगळे सरकार पचमढीला हलत असे, त्यामुळे आपले या गावाशी जुने नाते आहे. धूपगड हे सुमारे १,३५० मीटर उंचीचे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर तेथेच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील ठिकाणांसाठी, म्हणजे धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार वगैरेंसाठी, प्रवेश परवाना काढून तेथील जिप्सी, म्हणजे उघडी जीप, भाड्याने घ्यावी लागते. आपली गाडी आत नेता येत नाही. पांडव लेणी, जटाशंकर येथपर्यंत ती जाते. पहिल्याच सकाळी परवान्याच्या रांगेत लवकर उभे राहावे, म्हणजे पुढचा दिवस मोकळा राहतो.

मढई हा या फेरीचा गाभा आहे, आणि तेथे मात्र सफारी केलीच पाहिजे. तवा धरणाचे फुगवट्याचे पाणी देनवेच्या पात्रात पसरलेले आहे, आणि पलीकडच्या जंगलात जाण्यासाठी नावेतून नदी ओलांडावी लागते. जिप्सी पलीकडच्या काठावर उभ्या असतात. पहाटे पाण्यावर चक्रवाकांची जोडपी बसलेली होती आणि थंडी अशी होती की नावेत कोणी कोणाशी बोलत नव्हते. आत गेल्यावर सागाच्या जंगलात एका वळणावर आमच्या गाईडने चालकाचा खांदा दाबला. पन्नासेक पावलांवर एक अस्वल वारुळाशी झटत होते. आधी नखांनी वारूळ फोडायचे, मग जोरात फुंकर मारून माती उडवायची आणि लगेच उलट श्वास ओढून वाळवी आत घ्यायची, असा त्याचा क्रम चालला होता, आणि ते फुंकणे व ओढणे आम्हाला जिप्सीत बसून स्पष्ट ऐकू येत होते. गाईडने सांगितले की अस्वलाच्या वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतूनच वाळवी ओढली जाते. वाघाच्या मागे पळणाऱ्या सफारीत एवढा वेळ अस्वलापाशी कोणी थांबू दिले नसते.

मेळघाटाबद्दल येथील अमरावतीकर मंडळी अधिक चांगले लिहितील, म्हणून तो भाग मी त्यांच्यावर सोपवतो.

धरमपेठ_वाचक :

उत्तम वर्णन. आम्ही चौघे मित्र असाच बेत आखत आहोत. आमच्याकडे साधी सेडान आहे. जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची कमी असल्याने या रस्त्यांवर अडचण येईल का? तसेच सर्व मार्गावर पेट्रोल आणि मोबाईलचे नेटवर्क मिळते का? आमच्यापैकी एकालाच घाटात गाडी चालवण्याचा सराव आहे.

रानवाटसरू :

सेडानने काही अडत नाही, कारण जंगलातील रस्त्यांवर तुम्हाला तसेही तेथील जिप्सीतूनच फिरायचे आहे आणि उरलेला मार्ग डांबरी आहे. पेट्रोल छिंदवाड्यात किंवा परासियात भरून घ्यावे आणि पुढे पिपरियात. मधल्या डोंगराळ टप्प्याच्या भरवशावर राहू नये. तामिया ते मटकुली या पट्ट्यात नेटवर्क अनेक ठिकाणी जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि मुक्कामाच्या ठिकाणाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा.

सराव एकालाच असेल तर त्याच्यावर सगळा भार टाकू नका. सिलेवानी, मटकुलीहून पचमढीची चढण, बैतूलच्या अलीकडचा बरेठा घाट आणि चिखलदऱ्याचा घाट हे चार टप्पे त्याने चालवावेत आणि सपाटीवर इतरांनी बसावे. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांना येणारा जळका वास पचमढीच्या उतारावर नेहमीच येतो. सूर्यास्तानंतर यांपैकी कोणत्याही घाटात असू नये, हा नियम आम्ही निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घेतला होता, आणि एकाने त्यावर बरीच कुरकुर केली तरी शेवटपर्यंत पाळला.

सौंसरकर :

आमच्या गावाचा उल्लेख वाचून बरे वाटले. थोडी भर घालतो. सौंसरजवळ जामसावळीचे हनुमान मंदिर आहे आणि तेथील मूर्ती पहुडलेली आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे नागपूरच्या गाड्यांची एवढी गर्दी असते की महामार्गाचा वेग मंदावतो, म्हणून त्या दिवशी निघणार असाल तर सकाळी लवकर हा टप्पा ओलांडावा. सिलेवानीत डिसेंबर आणि जानेवारीत पहाटे दाट धुके असते. आमच्याकडचे चालक सूर्य वर आल्याशिवाय त्या घाटात शिरत नाहीत, आणि नागपूरहून पहाटे चारला निघालेल्या गाड्या मात्र नेमक्या धुक्याच्या वेळीच घाटात पोहोचतात. सहाला निघाल्यास हा प्रश्नच उरत नाही आणि सौंसरला गरम पोहेही मिळतात.

वाघवेडा :

लेखकाचा उत्साह समजतो, पण मित्रांसोबत इतका खर्च करून आणि सुट्या घालवून वाघ दिसण्याची शक्यता कमी असलेल्या जंगलात जाण्यात काय हशील आहे? त्यापेक्षा नागपूर, पेंच, सिवनी, कान्हा अशी फेरी केली तर डोंगरही मिळतात आणि वाघही. कान्हा मैकल रांगेत आहे, तेथील बम्हनी दादरचे पठार उंचीवर आहे, आणि राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याला १९५५ पासूनचा इतिहास आहे. वाटेत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर ते खवासा या टप्प्यात वन्यप्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्गही पाहता येतात. लहान पुलांसह अशा एकूण नऊ रचना तेथे आहेत, त्यांतील सर्वांत रुंद ७५० मीटरची आहे, आणि त्यांखालून वाघ व रानकुत्री जातात हे कॅमेऱ्यांनी टिपलेले आहे. माझ्या मते नागपूरहून मित्रांना न्यायचे असेल तर हीच फेरी उत्तम.

रानवाटसरू :

वाघवेडा, आपल्या मार्गाबद्दल मला आदरच आहे, आणि कान्ह्याचे साल वृक्षांचे जंगल व गवताळ मैदाने यांची सर इतर कशाला येत नाही. परंतु ती एक वेगळीच सहल आहे. तिच्यात दिवसाचे दोन्ही उत्तम प्रहर जिप्सीत जातात आणि दुपारी माणूस झोपतो. मोटार फक्त पोहोचवण्यापुरती उरते. येथे मी मोटारीने फिरण्याबद्दल लिहितो आहे.

वाघाबद्दल म्हणाल तर सातपुड्यात तो आहेच, पण जंगल उंचसखल आणि दाट असल्याने तो सहज दिसत नाही. त्याबदली मढईला अस्वल, रानगवा, बिबट्या, रानकुत्री आणि शेकरू यांच्या दर्शनाची शक्यता चांगली असते. चुरना, धांई, बोरी यांसारखी गावे जंगलाबाहेर पुनर्वसित झाल्यानंतर त्यांच्या जुन्या शेतजमिनींची कुरणे झाली आहेत आणि तृणभक्षी प्राण्यांचे कळप आता तेथे चरतात. आपल्या लाडक्या कान्ह्याचाही येथे संबंध आहेच : १९७० मध्ये कान्ह्यात टणक जमिनीवर राहणारे बारशिंगे अवघे ६६ उरले होते, त्यांची संख्या तेथे वाढवण्यात आली, आणि २०१५ पासून त्यांतील काही सातपुड्यात आणून सोडण्यात आले. त्यामुळे कान्ह्याचे वैभव पाहायला कान्ह्यालाच जावे लागते असेही आता राहिलेले नाही.

आणखी एक मुद्दा मित्रांविषयीचा आहे. गटात एखादा जरी केवळ वाघासाठी आलेला असेल तर त्याला निघण्यापूर्वी स्पष्ट कल्पना द्यावी. आमच्यातील एक जण पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक चहाच्या टपरीवर ‘आता वाघ कुठे दिसेल’ असे विचारत होता, आणि टपरीवाले त्याच्या समाधानासाठी ‘कालच दिसला’ असे सांगत होते.

खडकवेडा :

निवृत्त शिक्षक या नात्याने थोडे खडकांविषयी लिहिण्याची परवानगी घेतो, कारण या फेरीतील देखाव्यांचा उलगडा खडकांशिवाय होत नाही.

नागपुरात सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे. आपल्या शहरापाशीच दख्खनच्या लाव्हाथरांचा पूर्वेकडील काठ येतो आणि त्यापलीकडे अधिक जुने खडक सुरू होतात. सौंसरच्या संत्र्यांना मानवणारी काळी माती याच बेसाल्टची आहे. हे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. परासियाला पोहोचलात की त्यांच्याहून कितीतरी जुने गोंडवाना काळातले थर उघडे पडतात, म्हणून तेथे कोळसा आहे. पुढे पचमढीला तर वीस कोटी वर्षांहूनही जुन्या वालुकाश्माचे प्रचंड जाड थर उभे आहेत. वालुकाश्म उभ्या भेगांवरून तुटतो, त्यामुळे पचमढीला सरळसोट कडे, हांडी खोहसारख्या अरुंद घळी आणि गुहा दिसतात. तो पाणी मुरवून घेतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे फेब्रुवारीतही तेथील ओढे वाहते असतात आणि जटाशंकरच्या गुहेत पाणी झिरपत राहते. आदिमानवाने चित्रे काढण्यासाठी निवडलेली खडकांची आश्रयस्थानेही याच दगडाची देणगी आहे.

याउलट मेळघाटातील गाविलगडच्या डोंगररांगा पुन्हा बेसाल्टच्या आहेत. तेथे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतील, आणि उन्हाळा लागताच नाले कोरडे पडतील. फेरीच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागात डोंगर इतके वेगळे का दिसतात, असा प्रश्न मित्रांपैकी कोणी विचारला तर हे सांगता येईल. झाडांचाही फरक पाहावा : सौंसरपासून मढईपर्यंत खाली सगळीकडे साग आहे, पण पचमढीच्या पठारावर साल भेटतो.

आणि ज्यांना मेळघाट वगळून बैतूलहून थेट नागपूर गाठायचे आहे त्यांनी मुलताईला थांबावे. तापीचा उगम तेथे आहे आणि वर्धा नदीही त्याच तालुक्यात उगम पावते. एक पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते, तर दुसरी आपल्या विदर्भाला पाणी पाजून पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. तामियापलीकडे नर्मदेचे पाणी पाहिलेले असतेच, म्हणजे एका फेरीत तिन्ही खोरी पायाखालून जातात.

रानवाटसरू :

सर, मनःपूर्वक आभार. पचमढीला ओढ्यात पाणी का होते हा प्रश्न आमच्याही गटात निघाला होता आणि कोणालाही उत्तर देता आले नव्हते.

लक्ष्मीनगरची_सखी :

आम्ही मैत्रिणी पन्नाशीच्या पुढच्या आहोत आणि स्वतः गाडी चालवत पचमढी व मढईला जाऊन आलो आहोत. पुरुषांच्या लेखनात काही गोष्टी नेहमी सुटतात, त्या लिहिते.

स्वच्छतागृहाचा विचार करूनच थांबे ठरवावेत. छिंदवाड्यापर्यंत मोठे पेट्रोलपंप आणि ढाबे आहेत, पुढे मात्र तामियाच्या हॉटेलांखेरीज फारसा भरवसा धरू नये. सफारीत जिप्सीतून खाली उतरता येत नाही; ठरावीक विश्रांतीस्थळीच उतरू देतात. म्हणून नावेत बसण्यापूर्वीच सोय पाहून घ्यावी आणि पहाटेचा दुसरा चहा टाळावा. उघड्या जिप्सीत डिसेंबर-जानेवारीची थंडी नागपूरच्या थंडीच्या हिशेबाने मोजू नये. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल हवीच. आमच्यातील एकीने नागपूरहून गरम पाण्याची रबरी पिशवी नेली होती, तिची आधी सगळ्यांनी थट्टा केली आणि सफारीत ती हातोहात फिरली.

गुडघेदुखी असेल तर बी फॉलच्या पायऱ्या उतरण्याआधी परत चढायच्या आहेत हे लक्षात घ्यावे. पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला तर हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. आम्ही त्याऐवजी धूपगडाचा सूर्यास्त निवडला, कारण तेथे जिप्सी जवळपर्यंत जाते. जिप्सीच्या मागच्या बाकावर पाठीला फार हादरे बसतात, म्हणून पाठीचा त्रास असणाऱ्या मैत्रिणीला चालकामागच्या बाकावर बसवावे, आणि हे निघण्यापूर्वीच ठरवावे. गेटवर पहाटे त्यावर चर्चा नको.

मढईजवळ एका मुक्कामी आम्ही संध्याकाळी सातला पोहोचलो तेव्हा आरक्षण केलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली होती. पैसे परत मिळाले, पण रात्री सोहागपूरला खोली शोधत फिरावे लागले. तेव्हापासून आम्ही निघताना आणि दुपारी असे दोनदा फोन करून येत असल्याचे कळवतो, आणि चार वाजेपर्यंत मुक्काम गाठतो.

धरमपेठ_वाचक :

ताई, आपली माहिती फार उपयोगी आहे. सफारीच्या आरक्षणाबद्दलही कोणी सांगेल का? आमच्या गटातील चौथ्या मित्राची सुटी अजून नक्की नाही. त्याचे नाव घालून ठेवावे आणि ऐनवेळी दुसरा कोणी आला तर त्याला न्यावे, असा विचार आहे.

लक्ष्मीनगरची_सखी :

असे करू नका. परवान्यावरचे नाव आणि ओळखपत्र गेटवर ताडून पाहतात. ज्याच्या नावाने आरक्षण आहे त्यानेच मूळ ओळखपत्र घेऊन यायचे असते. सहा जणांची जिप्सी असते, आणि दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी चालेल. पण नसलेल्या माणसाच्या जागी दुसरा चालत नाही.

रानवाटसरू :

ताईंनी सांगितले तेच योग्य. आणखी दोन गोष्टी तारखा ठरवतानाच पाहाव्यात. मध्य प्रदेशातील राष्ट्रीय उद्यानांचा गाभा क्षेत्रातील प्रवेश १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असतो, आणि बुधवारी दुपारची सफारी नसते. दुसरे म्हणजे महाशिवरात्रीच्या आसपास पचमढीला जाऊ नये. त्या काळात चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहण्यासाठी विदर्भातून हजारो भाविक जातात आणि गावात गाडी उभी करायलाही जागा मिळत नाही. अर्थात ज्यांना यात्राच करायची आहे त्यांनी तेव्हाच जावे. नागद्वारची यात्रा नागपंचमीच्या सुमारास असते, पण ती पायी करायची असते आणि तिचे शास्त्र वेगळे आहे.

अंबानगरीचा_भटक्या :

मेळघाटाचा भाग आमच्यावर सोपवला आहे, तर लिहितो.

मेळघाट हा देशातील व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे, आणि गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा १९८७ मध्ये जाहीर झाला. बैतूलहून भैंसदेहीमार्गे येणारा रस्ता परतवाड्याला उतरतो. येथून चिखलदऱ्याला घाटाने वर जावे, मुक्काम करावा, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूने सेमाडोहला उतरावे. बहुतेक पर्यटक चिखलदऱ्याहून आल्या वाटेने परत फिरतात आणि त्यांना मेळघाट दिसतच नाही. चिखलदरा ते सेमाडोह हा रस्ता घनदाट जंगलातून जातो आणि तो सावकाश चालवण्यासाठीच आहे. पुढे कोलकासला सिपना नदी विश्रामगृहाखालून वळण घेते. त्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकून दुपार घालवावी, यापेक्षा वेगळा कार्यक्रम मी सुचवणार नाही. आरक्षण मात्र आधीच करावे, कारण खोल्या मोजक्याच आहेत.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी स्थानिक कोरकू गाईडला रानपिंगळ्याबद्दल विचारावे. हा पक्षी शंभरहून अधिक वर्षे दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट हे त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. तो दिवसाही सक्रिय असतो, त्यामुळे रात्री भटकण्याची गरज नसते.

गाविलगडासाठी अर्धा दिवस ठेवा. नागपूरकरांनी तर तो पाहायलाच हवा, कारण १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाडावर पाणी सोडावे लागले. किल्ल्याचा विस्तार एवढा आहे की सगळा पाहायचा हट्ट धरू नये. दरवाजे, तलाव आणि तटाची बाजू पाहिली तरी पुरे. पाणी सोबत न्यावे.

एकच तक्रार : शनिवार-रविवारी पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात मोठ्या आवाजात गाणी लावून, रस्त्यातच गाड्या उभ्या करून नाचणारे गट असतात. पावसाळ्यात जायचेच असेल तर मधल्या वारी जावे. त्या वेळी धुक्यात दरी दिसत नाही, पण भीमकुंडाचा धबधबा जोरात असतो.

वाघवेडा :

कोलकासबद्दल वाचून मत थोडे बदलले आहे, हे मान्य करतो. परंतु संपूर्ण फेरी एका दमात करण्याऐवजी दोन भागांत करता येणार नाही का? नोकरदारांना एवढी सुटी सलग मिळणे कठीण असते.

रानवाटसरू :

करता येते, आणि कदाचित तेच बरे. एकदा छिंदवाडा, तामिया, पचमढी, मढई करून बैतूल-मुलताईवरून नागपूर. आणि दुसऱ्यांदा अमरावतीमार्गे परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, कोलकास. दुसरा भाग लांबलेल्या शनिवार-रविवारीही बसतो. पहिल्या भागाला मात्र काटछाट करू नये. त्यातून काही वगळायचेच असेल तर मी पचमढीची एक रात्र कमी करीन, मढईची करणार नाही.

धरमपेठ_वाचक :

सर्वांचे आभार. आम्ही पहिला भाग निश्चित केला आहे. सोमवारी निघून एक रात्र तामियाला, मंगळवारची रात्र पचमढीला, आणि बुधवारी सकाळी उतरून दुपारी मढईला सफारी, असा बेत आहे.

लक्ष्मीनगरची_सखी :

बुधवारी दुपारी सफारी नसते, वर रानवाटसरूंनी लिहिलेच आहे. बुधवार पचमढीलाच काढा, आणि गुरुवारी सकाळी उतरून दुपारची सफारी घ्या. गुरुवारच्या सफारीचे आरक्षण आताच करून टाका.